आमच्या घरचं पाणी

पाहुणचार करा पण कुरकूर करू नका, असं आम्हा ख्रिस्ती लोकांना शिकवलेलं आहे. लहानपणापासून उपासनेत हे ऐकत आले. दर वेळी मला वाटायचं, हे सांगणारा माणूस कधी चुलीपुढं बसलेला नसणार. कुरकूर आधी कमरेतून निघते, मग खांद्यातून, आणि सगळ्यात शेवटी तोंडात येते. मी आता पन्नाशीला आले. परक्या माणसांना घरात घेते, मुद्दाम घेते, आणि भरपूर कुरकूर करते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे ते सगळं रागाचंच आहे.

नांदेडात आमचं घर विष्णुपुरीच्या रस्त्याला, एका कॉलनीत. मी शाळेत शिकवते, नवरा बँकेत आहे. सासूबाई गेल्या आणि त्यांची पुढची खोली रिकामी झाली. रस्त्याकडून वेगळं दार, लागूनच न्हाणी, समोर ओटा. नवरा म्हणाला, भाड्यानं देऊ. मी म्हणाले, नाही, दवाखान्याच्या माणसांना देऊ.

दवाखान्याची माणसं म्हणजे पेशंटबरोबर येणारी. मोठा दवाखाना आमच्यापासून जवळ. लातूर, हिंगोली, पार तेलंगणातल्या खेड्यांतून लोक येतात. पेशंटजवळ एकानं थांबायचं असतं, बाकीचे बाहेर. झाडाखाली, पिशवीला टेकून, अंगावर ऊन आलं की जागा बदलत. शाळेत जाता-येता मी त्यांना बघत होते.

हे माझ्या डोक्यात यायला कारण होतं. मी कॉलेजात असताना माझे बाबा आजारी पडले, तेव्हा चाकूरजवळच्या आमच्या गावातून त्यांना नांदेडलाच आणलं होतं. एका दवाखान्याच्या भिंतीला लागून आई आणि मी बसलो होतो. समोर शिलाईचं दुकान होतं. दुकानदाराची बायको बुरखा सावरत रस्ता ओलांडून आली आणि आईला म्हणाली, "आपा, धूप में कायको बैठे? घर को चलो." बाबा बरे होईस्तोवर आम्ही तिच्या घरी राहिलो. तिच्याच ताटात जेवलो. आम्ही कोण, कुठले, कोणत्या देवाचे, हे तिनं शेवटपर्यंत विचारलं नाही. बाबा प्रचारक होते. परका दारात आला तर प्रभूच आला असं समजा, हे ते गावोगाव सांगत फिरायचे. बरे झाल्यावर मला म्हणाले, "मी नुसतं सांगत राहिलो. करून दाखवलं ते त्या बाईनं."

म्हणून ती खोली. दोन गाद्या, एक पलंग, माठ, दोरीवर टॉवेल. मी पीठ जास्त दळून आणायला लागले. किनवटकडचं एक जोडपं राहून गेलं. देगलूरची एक काकी राहिली, ती पुतण्यावर रागावली की तेलुगूत बोलायची आणि राग गेला की मराठीत. कुणी जाताना रडायचं, कुणी नुसती पिशवी उचलून निघून जायचं. दोन्ही मला चालत होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग देवणीकडची म्हातारी आली.

उन्हाळा लागला होता. दवाखान्याच्या फाटकाबाहेर ती उभी होती, इरकली लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, गळ्यात सोन्याची पोत. खात्यापित्या शेतकऱ्याच्या घरची दिसत होती. सुनेचं दिवस भरायच्या आत बाळंतपण झालेलं, पोर काचेच्या पेटीत ठेवलेलं. सुनेजवळ तिची आई थांबली होती. म्हातारीचा मुलगा सगळ्यांना सोडून ज्वारीची रास करायला गावी परत गेला होता.

"मावशी, माझं घर जवळच आहे. चला, जरा टेका," मी म्हणाले.

"भाडं काय घेता?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?" तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग कामून नेता?"

"आमच्या देवानं सांगितलंय म्हणून."

कोणता देव ते तिनं विचारलं नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि मागून चालू लागली.

घरी आल्यावर मी तांब्याभर पाणी आणलं. तिनं तांब्या हातात घेतला, तोंडाकडं नेला आणि तिची नजर भिंतीवरच्या क्रूसावर गेली. तांब्या तिनं खाली फरशीवर ठेवला.

"तुमी कोण म्हणायचे?"

"ख्रिस्ती."

"ते बगितलं की. त्याच्या आदी कोण?"

माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. बाबांनी आयुष्यभर प्रचार केला. मी शिकले, शिकवायला लागले, शहरात घर बांधलं, दाराला जाळी लावली. एवढं सगळं झाल्यावर माझ्याच घरात, माझ्याच गादीवर बसून एक बाई मला विचारते, त्याच्या आदी कोण.

"तुमच्या गावात वेशीच्या बाहेर ज्यांची घरं आहेत ना मावशी, तेच आम्ही," मी म्हणाले.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तांब्या आमच्या दोघींच्या मधे तसाच. मग म्हणाली, "आत्ताच पिऊन आले बगा मी."

आमच्या गावात बाबा विहिरीवरच्या त्या परजातीच्या बाईची गोष्ट फार रंगवून सांगायचे. प्रभू दुपारचा थकून विहिरीवर बसतो आणि जिच्या भांड्याला त्याचे लोक शिवत नाहीत, त्या बाईकडं पाणी मागतो. बाबा इथं थांबायचे आणि म्हणायचे, "दिलं नाही हं, मागितलं!" वरच्या आळीतले शेतकरीसुद्धा ती गोष्ट ऐकायला यायचे. पोराला ताप आला, बैल बसला, की बाबांना प्रार्थनेला बोलवायचे. बाबा गेले की अंगणात उभं करायचे. आणि ते आमच्याकडं आले की आई पाणी आणायची, आणि ते म्हणायचे, "राहू द्या, आत्ताच पिऊन आलो." सगळे एकच वाक्य म्हणायचे. मी लहान होते, मला वाटायचं या लोकांना तहान कशी लागत नाही.

म्हातारी राहिली. पण कशी राहिली ते ऐका. पलंगावर झोपली, पंख्याखाली झोपली. आमच्या नळाच्या पाण्यानं अंघोळ केली, लुगडं धुतलं, आमच्याच दोरीवर वाळत घातलं. प्यायला मात्र कळशी घेऊन शेजारच्या घरी गेली. अंगणात विटा मांडल्या आणि गावाहून आणलेल्या पिठाची भाकर त्यावर केली. धूर सगळा माझ्या स्वयंपाकघरात.

शेजारीण माझी जुनी ओळखीची. तिनं कळशी भरून दिली आणि मला कुंपणावरून म्हणाली, "जाऊ द्या हो ताई, जुनी माणसं आहेत. मनाला लावून घेऊ नका." नाताळला माझ्याकडच्या करंज्या तिच्या घरी जातात. ती त्या खाते का कामवालीला देते, हे मी इतकी वर्षं विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारायची गरज उरली नाही.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "काढा हिला. माझ्या ओट्यावर बसून मलाच विटाळ दाखवते."

तो बूट काढत होता. "तू तिला कशाला आणलंस? टेकायला ना? टेकली ती. आपल्याकडं जेवलंच पाहिजे, अशी अट कधी होती आपली?"

"तुम्हाला बोलायला काय जातं?"

"तुझं जे जातं तेच माझं जातं. मी काय वरच्या आळीतून आलोय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं आणि त्यामुळं मला आणखी राग आला. त्या दिवशी वरण मी इतकं तिखट केलं की कुणाला धड जेवता आलं नाही.

पण रोज संध्याकाळी ती दवाखान्यातून आली की ओट्यावर बसून मला सांगायची. दुसरं कोण होतं तिला सांगायला? "तळहाताएवढं हाय बाई. नळ्याच नळ्या लावल्यात. डोळे उगडले आज." सुनेला दूध येत नव्हतं. सून रडते म्हणायची. सून चांगली आहे, पण बोलत नाही म्हणायची. मी बाजूला बसून ऐकत होते. एक दिवस ती दारातूनच रडत आली. पोराचा श्वास मधेच थांबला होता, मग परत सुरू झाला होता. तिनं माझे दोन्ही हात धरले, घट्ट, आणि कपाळ माझ्या मनगटाला टेकवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं ती उठली आणि न्हाणीत गेली. बादलीत पाणी पडल्याचा आवाज मी ऐकला. तोंड धुतलं का हात धुतले, मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही.

अशात आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब आले. माझ्याहून वयानं बरेच लहान, नुकतेच नांदेडला बदलून आलेले. बरोबर आणखी दोघे. "ताई, तुमच्या सेवेबद्दल फार ऐकलं," म्हणाले. मी चहा ठेवायला आत गेले. साखर टाकते तोच पुढच्या खोलीतून मोठ्यानं प्रार्थना ऐकू आली. बाहेर येऊन बघते तर पाळकसाहेबांचा हात म्हातारीच्या डोक्यावर, डोळे मिटलेले, आवाज टिपेला. ती पलंगाच्या कडेला अंग चोरून बसलेली, पदर तोंडावर ओढलेला. आणि बरोबरचा माणूस मोबाईलवर फोटो काढतोय.

"फोटो नका काढू," मी म्हणाले. "त्यांना विचारलंत का तुम्ही?"

"ताई, आपल्याच ग्रुपवर टाकायचा आहे. मंडळीला उत्तेजन मिळतं."

चहा न घेताच ते निघाले, त्यांना आणखी कुठं जायचं होतं. म्हातारीनं मला विचारलं, "ते कोण व्हते? माज्या डोक्यावर कामून हात ठेवला?" मी म्हणाले, "पोरासाठी प्रार्थना केली मावशी." ती "बरं" म्हणाली, पण पदर तिनं बराच वेळ खाली घेतला नाही.

दिवेलागणीला फोटो ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, देवणीची माय प्रभूच्या चरणी. मी पाळकसाहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. आपल्याच ग्रुपवरचा फोटो कधी आपल्याच ग्रुपवर राहतो का? या फोनवरून त्या फोनवर करत तो देवणीला पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप उभी राहिली. म्हातारीचा मुलगा आणि त्याच्याबरोबर गावातली माणसं.

"बाहेर या! आमच्या मायला बाटवून राहिलेत का तुमी?"

मी कणकेच्या हातानं बाहेर आले. नवरा बनियनवर. कॉलनी जमली. इतक्या सकाळी इतकी माणसं मी आमच्या गल्लीत कधी बघितली नव्हती. कॉलनीचे अध्यक्ष हातात दुधाची पिशवी घेऊन आले आणि मला म्हणाले, "ताई, आम्ही आधीपासून म्हणत होतो. रोज कोण येतं, कोण जातं. हे लोकवस्तीत बरं दिसत नाही." ते आधीपासून कुणाला म्हणत होते कोण जाणे, मला तर कधी म्हणाले नव्हते. मागून कुणीतरी ओरडलं, "पोलिसात द्या."

मुलगा मोबाईल माझ्या तोंडापुढं नाचवत होता. "हे काय हाय मग? हे काय हाय?"

नवरा समजावून सांगायला गेला, त्याला कुणी बोलू देईना. मग मी ओरडले. माझा आवाज वर्गाला ऐकू जाणारा आवाज आहे, तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार.

"विचारा तुमच्या आईला! माझ्या घरचं पाणीसुद्धा त्या प्यायल्या नाहीत. आमची जात विचारली आणि तांब्या खाली ठेवला. विचारा! भाकर वेगळी केली. हे बघा, या त्यांच्या विटा!"

सगळे विटांकडं बघायला लागले. शेजारीण फाटकातून म्हणाली, "हो हो, पाणी आमच्याकडूनच जात होतं."

म्हातारी दारात पिशवी घेऊन उभी होती. मुलानं विचारलं, "खरं का माय?"

"व्हय रे बाबा," ती म्हणाली. "म्या काईच घेतलं न्हाई यांचं."

मुलाचा चेहरा सैल पडला. त्यानं मोबाईल खिशात घातला. बरोबरच्या माणसांकडं बघून म्हणाला, "मग ठीक हाय."

मग ठीक हाय! म्हातारीला घेऊन जीप गेली, गल्ली पांगली. अध्यक्ष दूध घेऊन घरी गेले. मला कुणी हात लावला नाही, पोलिसात दिलं नाही, घरावर दगड पडला नाही. का? तर आमच्या हातचं पाणी एका बाईनं नाकारलं होतं, आणि ते मी स्वतः, माझ्याच दारात उभं राहून, अख्ख्या कॉलनीला ओरडून सांगितलं होतं. जे मी नवऱ्याशिवाय कुणाला बोलले नव्हते, जे बोलताना माझी जीभ जळत होती, तेच मला वाचवायला पुढं करावं लागलं. आत आल्यावर कणीक मळलेली परात मी भिंतीवर फेकली. नवऱ्यानं ती उचलून ठेवली आणि एक शब्द बोलला नाही. तेवढं शहाणपण त्याच्याकडं आहे.

आणि म्हातारी म्हणे, मी यांचं काही घेतलं नाही. पलंग, पंखा, नळ, साबण, माझे दोन्ही हात.

त्याच दिवशी मी शाळेत अर्धी सुट्टी टाकून पाळकसाहेबांच्या घरी गेले. त्यांना सगळं कळलं होतं. मला बसायला सांगून म्हणाले, "ताई, आपला छळ होतो तेव्हा आपण धन्य आहोत. येत्या रविवारी तुम्ही उपासनेत साक्ष द्यावी असं मला वाटतं."

"कशाची साक्ष देऊ?" मी विचारलं. "तुम्ही न विचारता एका बाईच्या डोक्यावर हात ठेवलात त्याची? का फोटो काढलात त्याची?"

"हेतू चांगला होता, ताई."

"ती माझी पाहुणी होती. तुमच्या शेतातलं पीक नव्हती, की दिसली आणि कापली. लोकांना सांगायला गोष्ट पाहिजे होती तुम्हाला. तिचं पोर पेटीत पडलंय. मुलगा का मुलगी ते विचारलंत? काय झालंय ते विचारलंत?"

ते म्हणाले, "मंडळीसमोर एखादं उदाहरण ठेवावं लागतं."

"मग स्वतःच्या घराचं ठेवा. तुमच्याकडं दोन खोल्या रिकाम्या आहेत."

त्यांनी माझ्यासमोर ग्रुपवरून फोटो काढून टाकला. त्यानं काय होणार होतं, तो कितीतरी फोनांत जाऊन बसला होता. मी निघाले तेव्हा त्यांची बायको फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बोललात ते बरं केलंत." मी तिलाही धड उत्तर दिलं नाही. माझ्या अंगात तेव्हा चांगलं बोलायची ताकद नव्हती.

खोलीला कुलूप घातलं. शाळेला जाताना दवाखान्यासमोरून जावं लागू नये म्हणून रिक्षा लांबून न्यायला लावली. आणि सुट्टी लागल्या लागल्या लातूरला आईकडं गेले.

आई आता भावाकडं असते. ऐकायला कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं. मी तिला सगळं सांगितलं, रडत नाही, दात खात. तिनं मधे मधे फक्त "हं" केलं. मग भूकंपाच्या वेळचं सांगायला लागली. औशाकडची गावं पडली तेव्हा मंडळीच्या बायका स्वयंपाकाला गेल्या होत्या, त्यांत आई होती.

"सगळं गाव तंबूत होतं," ती म्हणाली. "वरच्या आळीच्या बाया रांगेत थाळी घेऊन उभ्या राहायच्या. मी वाढायची. कुनी इचारलं न्हाई मला, तू कोन. एकीनं तर माज्या हातातला घास लेकराच्या तोंडात घातला."

"मग?"

"मग पत्र्याची घरं आली. त्यांचे पत्रे इकडं, आपल्या लोकाचे पत्रे तिकडं. त्याच बाईच्या दारात गेले मी, लेकरू कसं हाय बघाया. तिनं मला बाहेर पोत्यावर बसवलं."

हे तिनं मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "मग तू काय केलंस?"

"बसले की पोत्यावर. लेकराला बघितलं. घरी येऊन तुझ्या बापाला लई बोलले."

"बाबांना कशाला?"

"मग कुनाला बोलू? लोकाला बोलवायचं यानं आन् कंबरडं मोडायचं माझं. रोज कुनी ना कुनी. अर्धे जेवायचे, अर्धे न्हाई जेवायचे. जे न्हाई जेवायचे त्यांच्या वाटचं बी मलाच रांधावं लागायचं, काय की जेवतील म्हनून."

मी म्हणाले, "आई, मला आता नाही जमणार. माझ्या मनात प्रेमच उरलं नाही. नुसता राग आहे."

आई हसली. तिला दात नाहीत, ती हसली की आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. "मग? मी काय हसत केलं का सगळं? तुला वाटलं काय, लई आनंदात होते मी? माणूस भुकेला आला तर त्याला भाकर लागते. तुझं तोंड कसं हाय ते तो बगत न्हाई. राग येऊ दे की. हाताला काय धाड भरली?"

भावाची बायको स्वयंपाकघरातून हसली. मला हसू आलं नाही. पण नांदेडला परत आल्यावर मी कुलूप काढलं. नवऱ्याला सांगितलं, आता नियम माझे. मंडळीतलं कुणी बघायला येणार नाही. फोटो नाही. कुणासाठी प्रार्थना करायची ती आपण आपल्या खोलीत, दार लावून, त्यांना ऐकू न जाता. आणि पाणी मी तांब्यात नेऊन हातात देणार नाही. माठ खोलीत आहे, ज्याला प्यायचं तो पिईल, ज्याला नको त्यानं शेजारणीकडं जावं. माझ्यापुढं नकार द्यायची वेळ मी कुणावर आणणार नाही, आणि तो बघायची माझ्यावरही. नवरा म्हणाला, "पाळकसाहेब नाराज होतील." मी म्हणाले, "होऊ देत."

उन्हाळा सरत आला असताना एक दिवस दारात ऑटो थांबला. मागच्या सीटवर देवणीची म्हातारी, तिच्या शेजारी विहीणबाई. एक तरुण बाई उतरली, फिकट, केस गळालेले, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं पोर. ही सून. मी तिला पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, सुट्टी झाली आज," ती म्हणाली. "हे गाडी घेऊन पुढच्या चौकात थांबलेत. मीच म्हणाले, इथून जाऊ." तिनं टॉवेल बाजूला करून पोराचं तोंड दाखवलं. उंदराएवढं तोंड, पण चांगलं तांबूस, आणि रागावलेलं. मग ती म्हणाली, "पाणी देता का जरा?"

माझा नियम होता हातात न देण्याचा. पण मागितलं म्हटल्यावर आणावंच लागलं. तांब्या वर धरून ती सगळं पाणी प्यायली, घटाघटा, सासूकडं पाठ करून. ती मुद्दाम पीत होती, ते कळत होतं. तांब्या परत देताना हळू आवाजात म्हणाली, "आत्यांचं मनावर घेऊ नका. त्यांची जिंदगी तशातच गेली."

"तुझी तशी घालवू नकोस," मी म्हणाले. ते जरा कडक निघालं. तिनं मान हलवली.

मला गहिवरून यायला पाहिजे होतं, असं नवरा नंतर म्हणाला. मला नाही आलं. एक पोरगी चोरून पाठ वळवून माझ्या घरचं पाणी प्यायली, यात मी काय धन्य व्हायचं? पाणी होतं ते. नळाचं, गाळलेलं. मी दुसरा तांब्या भरला आणि ऑटोपाशी गेले. म्हातारीपुढं धरला. ऑटोवाला आरशातून बघत होता. विहीणबाई बाहेर बघत होती.

म्हातारीनं तांब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिचे डोळे भरले होते, मी खोटं बोलणार नाही. "नको बाई," ती म्हणाली. "आता या वयात..."

"या वयात काय, मावशी?"

सून चढली, ऑटो निघाला. म्हातारीनं पदर डोळ्याला लावलेला मला मागच्या काचेतून दिसला. मी ते पाणी जास्वंदीला घातलं आणि आत आले.

तेव्हापासून खोली पुन्हा चालू आहे. सध्या उदगीरकडचे एक चाचा आणि त्यांची भाची आहेत. भाचीचा नवरा मोटारसायकलवरून पडला, पायाचं ऑपरेशन झालंय. चाचा पहाटे उठून नमाज पढतात आणि माझ्याआधी अंगण झाडून ठेवतात, त्यावरूनही माझी त्यांच्याशी रोज भांडणं होतात.

काल कॉलनीचे अध्यक्ष आले होते. फाटकाच्या बाहेरूनच म्हणाले, "ताई, पुन्हा सुरू केलंत वाटतं? आता हे कोण?"

मी म्हणाले, "संध्याकाळी जेवायलाच या. ओळख करून देते."

"नाही, म्हणजे मी सहज विचारलं."

"मीही सहजच बोलावतेय. आठ वाजता या."

त्यांच्या वाटच्या दोन भाकरी मी जास्तीच्या टाकल्या. वांग्याची भाजीही वाढवली. ते आले नाहीत. त्या भाकरी आज सकाळी कुस्करून, वरून तेल-तिखट घालून, शाळेत जायच्या आधी उभ्या उभ्या मीच खाल्ल्या.